उंचावरून हॅम रेडिओ: कराडच्या धावपट्टीवरचे विमान की महाबळेश्वरचा माथा?

सातारा-सांगलीकडच्या ज्या हॅम मंडळींना, म्हणजे हौशी रेडिओ चालवणाऱ्यांना, परवाना मिळून वर्ष-दोन वर्षे झाली आहेत, त्यांच्या मनात एक विचार कधी ना कधी येतोच. कराडला धावपट्टी आहे, बारामतीला वैमानिक प्रशिक्षण चालते, ओळखीतला कोणीतरी विमान शिकतो आहे. मग त्याच्या शेजारी बसून दोन मीटर बँडवर (१४५ मेगाहर्ट्झच्या आसपास) बोलून का पाहू नये? दुसरीकडे घाटमाथा आपल्या दारातच आहे आणि तेथे मोटारीने जाता येते. दोन्ही वाटांचा हेतू अँटेना उंच नेण्याचा असला, तरी खर्च, कायदा आणि हाती लागणारे फळ यांत त्या पुष्कळ वेगळ्या आहेत.

आधी पल्ल्याचा हिशेब पाहू. व्हीएचएफ लहरी, ज्यात दोन मीटर बँड येतो, पृथ्वीच्या गोलाईमागे फारशा जात नाहीत. वातावरणामुळे त्या किंचित वाकतात, म्हणून रेडिओचे क्षितिज डोळ्यांना दिसणाऱ्या क्षितिजाहून थोडे दूर पडते. भोवतालच्या जमिनीपासूनच्या उंचीचे मीटरमध्ये वर्गमूळ काढून त्याला ४.१२ ने गुणले, की हे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. दोन आसनी सेसना समुद्रसपाटीपासून ८,००० फुटांवर, म्हणजे सुमारे २,४४० मीटरवर कराडवरून घिरट्या घालत असेल, तर खालच्या जमिनीपासून ती साधारण १,८७० मीटर उंच असते आणि तिचे क्षितिज १७५ किलोमीटरच्या पुढे जाते. पुणे आणि बेळगाव त्यात आरामात बसतात. सोलापूर काठावर राहते. महाबळेश्वरचा विल्सन पॉइंट १,४३८ मीटर उंच आहे. पूर्वेचे पठार स्वतःच उंच असल्याने तेथून त्या बाजूला ११५ किलोमीटर आणि कोकणाच्या बाजूला दीडशेहून थोडे अधिक क्षितिज मिळते. मध्ये एखादी डोंगरधार आडवी आली नाही, तर मुंबईही त्या मर्यादेत येते. म्हणजे एवढा खटाटोप करून पठाराच्या बाजूला विमान जे देते ते दीडपट आहे. विमानातून बोलायला सुरुवात केली की पल्ला दहा-वीस पटींनी वाढतो, अशी समजूत करून घेऊन जे निघतात, त्यांनी हा आकडा आधी कागदावर मांडून पाहावा.

विमानाचा खरा फायदा लांबीत नसून खोलीत आहे. जावळीतली खोरी किंवा कोयनेच्या जलाशयाकाठची बामणोलीकडची गावे डोंगरांच्या सावलीत असतात. माथ्यावर उभे राहून कितीही वॉट लावले, तरी अशा ठिकाणी मधल्या सोंडा आड येतात. विमान मात्र वरून थेट दरीत पाहते. खोऱ्यातल्या केंद्राशी थोडा वेळ संपर्क साधायचा असेल, तर त्याला तोड नाही.

शक्तीच्या बाबतीत बहुतेकांचा अंदाज उलटा असतो. १४५ मेगाहर्ट्झवर दीडशे किलोमीटरच्या मोकळ्या अवकाशात संदेश सुमारे ११९ डेसिबलने क्षीण होतो. पाच वॉटचा हँडहेल्ड, म्हणजे हातातला सेट, वापरला तर पलीकडे उणे ८२ डीबीएमच्या (एक मिलिवॉटच्या तुलनेत मोजलेल्या शक्तीच्या) आसपास संदेश पोहोचतो, आणि चांगला ग्राहक (रिसीव्हर) उणे १२० पर्यंत ऐकतो. छोट्या रबरी अँटेनामुळे आणि अॅल्युमिनियमच्या केबिनमुळे होणारी घट वजा केली, तरी अर्धा वॉट पुरतो. अंतराळ स्थानकाचा १४५.८०० मेगाहर्ट्झवरचा आवाज चारशे किलोमीटरवरून आपण हातातल्या सेटवर ऐकतोच. तेथे जे गणित चालते तेच येथेही चालते. म्हणून विमानात पन्नास वॉटचा, गाडीत बसवतात तसा मोबाइल सेट आणि विमानाच्या विजेवर तो चालवण्याची उठाठेव ही निरर्थक आहेच, शिवाय विमानाच्या वायरिंगला किंवा बाहेर अँटेना बसवायला हात लावणे म्हणजे मंजुरी लागणारा बदल आहे. सेट स्वतःच्या बॅटरीवर आणि स्वतःच्या अँटेनावर चालला पाहिजे.

उंचीचा एक तोटा माथ्यावर थोडा आणि विमानात फार जाणवतो. एकाच फ्रिक्वेन्सीवरचे, एकमेकांपासून दूर असलेले दोन रिपीटर (संदेश घेऊन तो पुन्हा प्रक्षेपित करणारी केंद्रे) जमिनीवर परस्परांना कधी ऐकत नाहीत. वरून पीटीटी (बोलण्याची कळ) दाबली की दोन्ही एकदम उघडतात, आणि खाली बोलणाऱ्या मंडळींना कारण कळत नाही. रिपीटरकडून परत येणारा आवाज ऐकताना एफएममध्ये जो सबळ तोच ऐकू येत असल्याने, विमान वळले की वाक्याच्या मध्येच एका गावाचा माणूस जाऊन दुसऱ्या गावाचा येतो. याला उपाय म्हणजे रिपीटर टाळून सिम्प्लेक्सवर (थेट सेट ते सेट), कमी शक्तीने, दोन-दोन वाक्यांत बोलणे. माथ्यावर यागी (एका दिशेची) अँटेना हव्या त्या दिशेला फिरवून उरलेल्यांना मोकळे सोडता येते. विमानात ती सोय नाही.

वैमानिकाचे संभाषण ११८ ते १३७ मेगाहर्ट्झमध्ये एएमवर चालते. दोघे एकाच वेळी बोलले तर एक दडपला जाण्याऐवजी कर्कश शिट्टी ऐकू येते आणि गोंधळ लक्षात येतो, हा तेथे एएम टिकण्यामागचा मोठा फायदा आहे. आपला दोन मीटर बँड याच्या अगदी शेजारी आहे आणि आपला सेट विमानाच्या अँटेनापासून दोन-तीन मीटरवर असतो. त्यामुळे आपण बोलत असताना वैमानिकाचा ग्राहक बधिर होऊ शकतो. इंजिन चालू ठेवून जमिनीवरच चाचणी घ्यावी: आपण पीटीटी दाबावी, वैमानिकाने हेडसेटमध्ये ऐकावे आणि दिशादर्शक उपकरणांवर नजर ठेवावी. काटा हलला किंवा खरखर आली, तर तो बेत तेथेच सोडावा. उड्डाण करणाऱ्याने स्वतः हॅम सेट हाताळू नये, हे माझे ठाम मत आहे. परवाना दोघांकडे असला तरीही.

कायद्याच्या बाबतीत परदेशातले व्हिडिओ दिशाभूल करतात. अमेरिकेत एफसीसीच्या (तेथील रेडिओ नियामकाच्या) नियमांनुसार विमानातून हौशी रेडिओ चालवता येतो. त्यासाठी मुख्य वैमानिकाची संमती लागते, सेट विमानाच्या रेडिओपासून स्वतंत्र असावा लागतो, आणि उपकरणांच्या आधारे चाललेल्या उड्डाणात त्यावर आणखी बंधने येतात. आपल्याकडे १९७८ चे हौशी सेवेचे नियम लागू आहेत, परवाना दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी या बिनतारी परवाना शाखेकडून मिळतो आणि त्यावर केंद्राचे ठिकाण लिहिलेले असते. विमानाचा नोंदणी क्रमांक, बँड आणि शक्ती नमूद करून डब्ल्यूपीसीकडून लेखी परवानगी घ्यावी, विमान चालवणाऱ्या संस्थेचे पत्र घ्यावे, आणि ही दोन्ही कागदपत्रे हाती नसतील तर फक्त ऐकावे. वैमानिकाच्या आरटीआर (विमानाचा रेडिओ वापरण्याच्या) प्रमाणपत्राने हौशी बँडवर बोलता येत नाही, आणि आपल्या परवान्याने विमानाच्या फ्रिक्वेन्सीवर बोलता येत नाही.

खर्चात तुलना होऊच शकत नाही. विमानाच्या एका तासाच्या भाड्यात साधे हँडहेल्ड कितीतरी येतील, आणि त्या तासातला कामाचा वेळ अर्धाच असतो. माथ्यावर दिवसभर बसता येते, एसएसबी (आवाज पाठवण्याची दुसरी पद्धत) किंवा एचएफ (लांब पल्ल्याचे बँड)ही लावता येते, चहा मिळतो. गैरसोयी तेथेही आहेत. अजिंक्यताऱ्यावर प्रक्षेपणाचा मनोरा आहे, त्याच्या जवळ स्वस्त सेटचा ग्राहक गुदमरू शकतो. फुलांच्या हंगामात कासला गर्दी आणि बंधने असतात. चाळकेवाडीला वारा इतका लागतो, की माइकला फडके गुंडाळावे लागते.

आपत्तीत उपयोग होईल म्हणून विमानाचा विचार करणाऱ्यांनी २०१९ आणि २०२१ च्या कृष्णेच्या पुराचे दिवस आठवावेत. दृश्य नियमांनी, म्हणजे बाहेर डोळ्यांनी पाहून, उडणाऱ्या छोट्या विमानाला काही किलोमीटरची दृश्यता आणि ढगांपासून अंतर लागते. महापुराच्या काळात या भागात आभाळ खाली उतरलेले असते, आणि ज्या दिवशी गरज असते त्याच दिवशी ते विमान जमिनीवर उभे राहते. तेव्हा सांगली-मिरजेतल्या पक्क्या इमारतीची गच्ची आणि दंडोबाच्या डोंगरावरचे बॅटरीवरचे केंद्र या दोन गोष्टी अधिक भरवशाच्या आहेत. वीज कडाडत असेल तर मात्र माथ्यावर थांबू नये.

तरीही हौसेखातर विमानातून बोलायचेच असेल आणि कागद हाती असतील, तर डिसेंबर-जानेवारीतली सकाळ निवडावी. हवा स्थिर असते आणि धक्के कमी बसतात. फलटण, मिरज, चिपळूण अशा तीन-चार ठिकाणच्या मंडळींशी फ्रिक्वेन्सी आणि वेळ आधी ठरवावी. हँडहेल्ड हेडसेटला जोडणारी अॅडॉप्टर तार घरीच तपासून घ्यावी, कारण इंजिनाच्या आवाजात उघड्या माइकवर आपला कॉलसाइनही (केंद्राचे ओळखचिन्ह) पलीकडे कळत नाही. प्रत्येक संपर्कासमोर लॉगबुकात विमानाची उंची आणि ठिकाण लिहावे. ही नोंद नसेल तर नंतर माथ्यावरच्या नोंदींशी ताडून पाहायला हाती काहीच राहत नाही.