पेल मूनवर आठ महिने: दोन काका आणि ३८४

पेल मून हा ब्राउझर काय आहे, कुठून उतरवायचा हे सांगत बसत नाही. हे वाचताय म्हणजे तुमच्याही घरी एखादा म्हातारा कॉम्प्युटर असणार. आमचा २०११ चा आहे, मामंजींनी घेतलेला. विंडोज ७, २ जीबी रॅम. टाकून देत नाही, कारण त्याला जोडलेला प्रिंटर. भाजणी-मेतकुटाच्या पाकिटांची लेबलं मी त्यावर छापते आणि त्या प्रिंटरचं नव्या विंडोजशी पटत नाही. चालतं ते टाकून चाळीस हजारांचा लॅपटॉप आणायचा, तोही वेबसाइट वाचायला? बँकेचं काही त्या मशीनवर करत नाही, तेवढी अक्कल आहे.

विंडोज ७ ला क्रोमने २०२३ च्या सुरुवातीलाच रामराम केला, १०९ ही शेवटची आवृत्ती. फायरफॉक्स ११५ वर थांबला. आणि पानाचं भाषांतर बाहेर न पाठवता मशीनवरच करायची सोय फायरफॉक्समध्ये आली ११८ ला, त्याच वर्षी सप्टेंबरात. तीन आवृत्त्यांनी गाडी चुकली. मिळाली असती तरी फार काही हाती लागलं नसतं म्हणा, सुरुवातीच्या भाषांमध्ये ना मराठी होती ना गुजराती.

तर पेल मून. हलका आहे, विंडोज ७ वर चालतो, दिसायला दहा वर्षांपूर्वीच्या फायरफॉक्ससारखा, आणि मला तेच आवडतं. पण त्यात भाषांतराचं बटण नाही. आजकालची क्रोम-फायरफॉक्सची एक्स्टेन्शन्स (ब्राउझरला जोडायच्या जादा सोयी) त्याला चालत नाहीत, त्याची आपली जुन्या पद्धतीची वेगळी.

मला बटण कशाला हवं, ते सांगते. माहेर साताऱ्याचं, लग्न होऊन वडोदऱ्यात अकरा वर्षं झाली, दांडिया बाजारात घर. गुजराती बोलते फर्डी, भाजीवाल्याशी भांडते त्याच्याच भाषेत. वाचायला मात्र पहिलीतल्या पोरासारखी. अर्धी अक्षरं आपलीच, डोक्यावरची रेघ पुसलेली. पण क, ख, ज, अ अशी काही मंडळी वेश बदलून येतात, आणि जुन्या मॉनिटरवर ते श्रुती फॉन्टचं बारीक गुजराती वाचता वाचता कपाळ दुखतं. मुलाच्या शाळेच्या सूचना गुजरातीत, पाण्याच्या बातम्या गुजरातीत. 'फोनवर बघ ना,' असं घरातून ऐकायला मिळतं. फोन मुलाच्या हातात असतो, हे सांगणारा विसरतो.

पहिला उपाय सगळे करतात तोच: भाषांतराच्या साइटवर पानाचा पत्ता चिकटवायचा. नाव घेत नाही, तुम्हाला कळलं. पान मधल्याच एका पत्त्यावरून उघडतं, त्यामुळे जिथे लॉगिन लागतं ते उघडतच नाही, म्हणजे शाळेचं पालकांचं पान बाद. दर वेळी चिकटवायचा कंटाळा आला म्हणून बुकमार्कलेट केलं. बुकमार्कच्या पत्त्याच्या रकान्यात पत्त्याऐवजी जावास्क्रिप्टची एक ओळ घालायची. दाबलं की चालू पान भाषांतराकडे जातं. (ही ओळ वरच्या पट्टीत चिकटवू नका, ब्राउझर सुरुवातीचा 'जावास्क्रिप्ट' शब्द कापून टाकतो. नवा बुकमार्क करून 'लोकेशन'मध्येच घाला. यात माझी एक दुपार गेली.)

जूनमध्ये मी खूश होते. शाळा उघडली आणि खुशी संपली.

पोराला शाळेतून कोण नेऊ शकतं, याची यादी शाळेने साइटवर टाकली. मराठीत मला दिसली ती अशी: आजोबा, आजी, काका, काका, काकू. दोन काका? मला वाटलं थोरले आणि धाकटे. माझा भाऊ तेव्हा आठवडाभर आलेला, त्याचं नाव यादीत बसत नाही म्हणून रोज दीर ऑफिसातून धावत. चौथ्या दिवशी मूळ पान काढून बोट ठेवत वाचलं: दादा, दादी, काका, मामा, फोई.

मामा! गुजरातीतही मामा, मराठीतही मामा, काना-मात्रेचा फरक नाही. मग हा काका आला कुठून? इंग्रजीतून. गुजरातीतून सरळ मराठीत येण्याऐवजी वाक्य आधी इंग्रजीत जातं, तिथे काका-मामा दोघेही 'अंकल' होतात, आणि परत येताना अंकलचा काका. फोईची आत्या व्हायची ती काकू झाली, मावशीचीही काकूच. दांडिया बाजारातून शेजारच्या रावपुऱ्यात जायला लंडनची गाडी पकडायची! आमच्या मामंजींचं काय झालं असतं, देव जाणे. लोक म्हणतील, एवढ्याशा शब्दावरून काय बाई धरून बसली आहे. धरूनच बसले आहे. माझ्या सख्ख्या भावाचा काका केला हो.

भाषांतराची भाषा मराठीऐवजी इंग्रजी करून बघितली. ते बरं पडतं. इंग्रजी निदान 'अंकल' म्हणून गप्प बसते, कुठला ते ठामपणे सांगत नाही.

मग ऑगस्टात पाणी. बातमीचा मथळा होता: 'काले शहेरना जूना विस्तारमां पाणीकाप.' मला मराठीत दिसलं की काल जुन्या भागात पाणीकपात होती. म्हटलं, झालं गेलं, आपल्याकडे तर आलं होतं. गुजरातीत 'काले' म्हणजे कालही आणि उद्याही. क्रियापदावरून कळतं, आणि मथळ्यात क्रियापद नव्हतं. दुसऱ्या दिवशी नळ कोरडा आणि भाजणीची डाळ-तांदूळ धुवायची पडलेली. सासूबाई काही बोलल्या नाहीत, नुसत्या रिकाम्या पिंपाकडे बघत राहिल्या. पावसाने मराठवाड्यातल्यासारखा घोळ घातला की गुजरातीत त्याला 'लीलो दुकाळ' म्हणतात, म्हणजे आपला ओला दुष्काळ. माझ्या पडद्यावर तो 'हिरवा दुष्काळ' होऊन आला. तेव्हा निदान हसू तरी आलं.

डिसेंबरात ती साइट पेल मूनमध्ये कोरं पान दाखवायला लागली. हा अनुभव मी तेव्हाच लिहायला घेतला होता आणि मथळा ठरला होता 'भाषांतर लागत असेल तर या वाटेला जाऊ नका'. आळसाने राहिला ते बरं झालं.

वासी उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, नणंदेचा मुलगा पतंग संपल्यावर खाली आला, उंधियू खाता खाता माझं रडगाणं ऐकलं. म्हणाला, 'मामी, तुम्हाला भाषांतर पाहिजेच कुठे? गुजराती तर तुम्हाला येतंच. लिपी तेवढी बदलायची.'

अकरा वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

युनिकोड म्हणजे कॉम्प्युटरसाठी केलेली सगळ्या लिप्यांच्या अक्षरांची यादी, तिच्यात प्रत्येक अक्षराला एक आकडा असतो. आपल्या लिप्यांची मांडणी युनिकोडने भारताच्याच १९८८ च्या इस्की मानकावरून उचलली, त्यामुळे सगळ्यांचे कप्पे एकाच क्रमाने लावलेले आहेत: क च्या जागी क, ळ च्या जागी ळ. देवनागरी आणि गुजराती यांत अंतर बरोबर ३८४. गुजराती अक्षराच्या आकड्यातून ३८४ वजा करा, देवनागरी अक्षर हजर. मात्रा, जोडाक्षरं, आकडे, सगळं त्याच वजाबाकीत. त्याने पानावरचा मजकूर तुकड्या-तुकड्याने घेऊन हे करणारी एक ओळ लिहिली, मी ती बुकमार्कमध्ये घातली, शाळेचं पान उघडून दाबली. मामा मामाच राहिला. फोई फोईच. जेवायचं विसरून मी तीन पानं वाचून काढली.

आता याचं कौतुक ऐका. पान कुठेच पाठवलं जात नाही, त्यामुळे लॉगिनच्या आतही चालतं. नेट मंद असलं तरी फरक नाही. साधं, जुनं जावास्क्रिप्ट, पेल मूनला काहीच जड नाही. चुकून दोनदा दाबलं तरी बिघडत नाही, कारण ते फक्त गुजराती अक्षरंच बदलतं. 'वधु वांचो' (पुढे वाचा) दाबून खाली नवा मजकूर आला की तो गुजरातीतच येतो, मग पुन्हा दाबायचं.

बेळगावकडच्यांनी लक्ष द्या: कन्नड बोलता येतं पण वाचता येत नाही असे तिथे कितीतरी आहेत. कन्नडसाठी तोच आकडा ८९६.

खोटही आहे. गुजरातीत रुपयाचं एक जुनं चिन्ह आहे, त्यातून ३८४ गेले की नुसता एक टिंब उरतो. किंमत दिसते, रुपये गायब. चित्रातला मजकूर तसाच राहतो. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या पीडीएफचं काही होत नाही, आणि शाळेला पीडीएफची फार हौस. काही साइट बुकमार्कलेट चालूच देत नाहीत. आणि भाषा मुळात येत असेल तरच उपयोग. साताऱ्याला बहिणीला एक पान असं करून पाठवलं, तर तिने विचारलं, 'पूर्व विस्तार म्हणजे शहर पूर्वेकडे वाढतंय का गं?' गुजरातीत विस्तार म्हणजे नुसता भाग.

सासूबाई इथेच शिकलेल्या, गुजराती पेपर त्या सरळ वाचतात. त्यांना देवनागरीतलं गुजराती दाखवलं तर त्या अडखळल्या. चष्मा वर-खाली करून म्हणाल्या, 'अगं, हिने डोक्यावर पदर घेतला की.' आमच्या माळ्यावरच्या पेटीत मामंजींच्या आजोबांचे मोडीतले कागद आहेत, ते घरात कोणालाच वाचता येत नाहीत. त्यासाठी किती वजा करायचे, असंही त्यांनी भाच्याला विचारून घेतलं. तो म्हणाला, आधी कोणीतरी ते टाइप करायला हवेत.

आता पेल मूनच्या पट्टीवर दोन बुकमार्क आहेत. इंग्रजी-हिंदी पानांसाठी जुना, ज्या दिवशी चालेल त्या दिवशी. त्याचं नाव 'काका-काका'. दुसऱ्याचं नाव 'पदर'. भाषांतरासाठी पेल मूनला पाचातला एकच तारा देईन. पण परवा त्याच पडद्यावर 'काले पाणीकाप' वाचलं आणि रात्रीच दोन्ही पिंपं भरून ठेवली.