उद्यमबागजवळची लाकूडभट्टी : आच बरोबर, थप्पी कच्ची

आंबा किंवा सिल्व्हर ओकच्या ताज्या फळ्यांतून पुढं मैद्यासारखं पीठ पडतं, ते पावडर भुंगेऱ्याचं काम. मादी लाकडाच्या उघड्या छिद्रांत अंडी घालते आणि अळी आतला स्टार्च खात फळी पोखरते. सागाचा गाभा टिकतो, पण सालीलगतचा पांढरा भाग सागाचाही सुटत नाही.

बेळगावातल्या या भट्टीत मुख्यतः कास्टिंगच्या निर्यातीसाठी पॅलेट आणि खोक्यांचं लाकूड तापवतात. लाकडी पॅकिंगमधून कीड परदेशी जाऊ नये म्हणून आयएसपीएम १५ हा आंतरराष्ट्रीय नियम आहे. तो असा, की लाकडाच्या अगदी मधोमध ५६ अंश सेल्सिअस सलग ३० मिनिटं टिकलं पाहिजे. इथं हे काम चोख होतं. सर्वांत जाड नगात मध्यापर्यंत भोक पाडून सेन्सर घालतात आणि तोंड पुट्टीनं बुजवतात. ते उघडं राहिलं तर सेन्सर गरम हवा मोजतो आणि आत अळी जिवंत असताना एचटी (हीट ट्रीटमेंट, म्हणजे तापवून कीड मारल्याचा) शिक्का बसतो. सर्वांत मागं राहिलेला सेन्सर ५६ ला पोचल्यावरच घड्याळ सुरू होतं. मध्ये पारा घसरला तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

वाफ सोडतात, हे विशेष चांगलं. कोरड्या हवेत ओल्या फळीवरचं पाणी उडत राहतं आणि फळी थंड राहते. चेंबरचा काटा ७० दाखवत असला तरी ओल्या बल्बचा (ओलं कापड गुंडाळलेल्या थर्मामीटरचा) काटा ५६ च्या खाली असेल, तर फळी वाळेपर्यंत आतलं लाकूडही खालीच अडकतं. शिवाय वाफेमुळं टोकं फाटत नाहीत.

थप्पी मात्र निष्काळजीपणे लावतात. काही थरांत फळ्यांमध्ये हवेला जागा ठेवणाऱ्या पट्ट्याच नव्हत्या. एक इंची दोन फळ्या चिकटल्या की त्या दोन इंची नगासारख्या तापतात, आणि दुप्पट जाडीला वेळ दुपटीहून बराच जास्त लागतो. अशा जोडीत सेन्सर नसेल तर आलेखावर चूक दिसणारच नाही. माल देताना प्रत्येक थरात एक इंची पट्ट्या, एकावर एक सरळ रेषेत, असं स्पष्ट सांगा आणि भरताना उभे राहा.

तापवलेला माल कच्च्या ओंडक्यांशेजारी ठेवतात, हेही चुकीचं. उष्णता आतलं मारते, मागं औषध ठेवत नाही. उघड्या छिद्रांत भुंगेरा परत अंडी घालू शकतो. फर्निचरचं लाकूड असेल तर ओलं असतानाच बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या पाण्यात बुडवा. वाळल्यावर ते खोल जात नाही. नाहीतर वाळल्यानंतर सर्व बाजूंनी वॉर्निश मारून छिद्रं बंद करा, खालची बाजूसुद्धा.

एचटी शिक्का म्हणजे लाकूड वाळलं असं नव्हे. खानापूरकडच्या पावसात असा ओला माल ताडपत्रीखाली बांधला की बुरशी धरते. वाळवूनही हवा असेल तर ऑर्डर देतानाच तसं सांगा, आणि शिक्क्यासोबत तापमानाच्या आलेखाची प्रत मागा. इथं ती मागितल्यावर लगेच देतात.