बर्फाच्या यंत्रासाठी पाणी: कार्बन फिल्टर, फॉस्फेट, सॉफ्टनर की आरओ?

आइस मशीन घेताना दिवसाला किती किलो बर्फ निघेल याची चौकशी सगळेच करतात. यंत्रात जाणारे पाणी कसे आहे, हा प्रश्न मात्र बहुतेक वेळा पहिल्या दुरुस्तीच्या वेळी निघतो, आणि मग घाईघाईने जो फिल्टर सुचवला जाईल तो बसवला जातो. वास्तविक या यंत्रांना पाण्यापासून होणारे त्रास दोन वेगळ्या प्रकारचे आहेत, एक क्षारांचा आणि दुसरा क्लोरीन व गाळाचा, आणि एकावरचा उपाय दुसऱ्याला सहसा लागू पडत नाही.

क्षारांचा त्रास यंत्राच्या कामाच्या पद्धतीतूनच उद्भवतो. घनाकृती बर्फाच्या यंत्रात इव्हॅपोरेटरच्या, म्हणजे बर्फ धरणाऱ्या भागाच्या, थंड पत्र्यावरून पाणी सतत वाहत राहते. त्यातले शुद्ध पाणी आधी गोठते आणि विरघळलेले क्षार उरलेल्या पाण्यात मागे राहतात. बर्फ काचेसारखा स्वच्छ दिसतो तो यामुळेच, परंतु खालच्या टाकीतील पाणी त्या प्रमाणात अधिकाधिक क्षारयुक्त होत जाते. फेरी संपल्यावर यंत्र त्यातले काही पाणी टाकून देते, तरीही कठीण पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार पत्र्यावर, पाणी सोडणाऱ्या नळीच्या बारीक छिद्रांवर आणि पातळी मोजणाऱ्या सळईवर पांढरे साचू लागतात. हा थर उष्णता अडवतो, त्यामुळे गोठण्याची फेरी लांबते, कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो आणि बर्फ कमी निघतो. त्याहून वाईट अवस्था म्हणजे खरबरीत झालेल्या पत्र्यावरून लादी पूर्ण सुटत नाही, अर्धी तशीच लटकून राहते आणि पुढच्या फेरीचे पाणी तिच्यावरच गोठत जाते. अशा वेळी गॅस कमी झाल्याचा संशय घेण्याआधी पत्र्यावरून बोट फिरवून पाहणे स्वस्त पडते.

म्हणून निवड करण्याआधी पाण्याचा कठीणपणा मोजून घ्यावा. कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात लिटरला 60 मिलिग्रॅमपर्यंतचे पाणी मृदू, 120 पर्यंत मध्यम, 180 पर्यंत कठीण आणि त्यापुढचे अतिकठीण मानले जाते. केवळ खिशातल्या टीडीएस मीटरवर विसंबू नये, कारण तो एकूण विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. त्यांतले थर धरणारे किती, हे त्याला सांगता येत नाही.

मृदू पाण्याला गाळ अडवणारा व कार्बनचा फिल्टर पुरेसा आहे. गाळाचा फिल्टर पंप आणि झडपा वाचवतो, तर कार्बन क्लोरीन काढून चव सुधारतो आणि धातूच्या भागांची झीज कमी करतो. पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीन व अमोनियापासून बनणारे जंतुनाशक) असेल तर साधा कार्बन कमी पडतो, त्यासाठी कॅटॅलिटिक कार्बन घ्यावा लागतो. या उपायाची एक बाजू क्वचितच सांगितली जाते: क्लोरीन गेले की जंतूंना रोखणारेही काही उरत नाही, आणि यंत्राच्या आत बुळबुळीत थर लवकर धरू शकतो. कार्बन बसवल्यावर निर्जंतुकीकरणाकडे अधिक लक्ष द्यावे लागते ते याच कारणाने.

मध्यम कठीण पाण्यासाठी त्याच फिल्टरला पॉलिफॉस्फेटची जोड दिली जाते. फॉस्फेट कठीणपणा कमी करत नाही, फक्त क्षारांना थर धरण्यापासून रोखून धरते. कार्ट्रिजमधील फॉस्फेट संपले तरी पाणी पूर्वीसारखेच वाहत राहते, त्यामुळे ती दिलेल्या मुदतीत बदलली नाही तर उपाय बंद पडल्याचे कळतही नाही. बहुसंख्य ठिकाणी माझी पसंती तरीही याच जोडीला राहील.

सॉफ्टनरबद्दल सर्वाधिक गैरसमज आहे. तो कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या जागी सोडियम देतो, म्हणजे घट्ट थर टळतो, पण एकूण क्षार जवळपास तेवढेच राहतात. मूळचे पाणी फार कठीण असेल तर सोडियमही तितकेच जास्त येते आणि बर्फ धुरकट व मऊ होण्याची शक्यता असते. केवळ बर्फाच्या यंत्रासाठी सॉफ्टनर बसवणे मला पटत नाही. आरओच्या पडद्याचे आयुष्य वाढवण्यासाठी त्याच्या आधी बसवल्यास मात्र तो उपयोगी ठरतो.

क्षार खरोखर काढून टाकणारा उपाय आरओ, आणि अतिकठीण, खारट किंवा सिलिकायुक्त पाण्याला तोच योग्य. सिलिकाचा थर नेहमीच्या आम्लाने निघतही नाही. त्याच्यासोबत येणारा खर्च मात्र आधीच मोजावा. काही पाणी वाया जाते, आणि आरओचा प्रवाह मंद असल्याने साठवण टाकी व बहुधा पंपही लागतो. शिवाय काही यंत्रे पाण्याच्या विद्युतवाहकतेवरून पातळी ओळखतात. अतिशुद्ध पाण्यात त्या सळईला पाणी भरल्याचे कळतच नाही आणि यंत्र भरतच राहते किंवा बिघाड दाखवून थांबते. म्हणून उत्पादकाच्या पुस्तिकेत आरओच्या पाण्याबद्दल काय म्हटले आहे ते खरेदीपूर्वीच वाचावे. गरज पडल्यास थोडे कच्चे पाणी मिसळून वाहकता वाढवता येते.

चुऱ्याच्या बर्फाच्या यंत्रांत क्षारांना धुऊन बाहेर टाकणारी फेरी सहसा नसल्याने थर थेट सिलिंडरच्या भिंतीवर धरतो, आत फिरणारा स्क्रू अडखळतो आणि कर्कश आवाज येऊ लागतो. तो आवाज दुर्लक्षिला तर बेअरिंग व गिअरवर भार येतो, म्हणून अशा यंत्रासाठी कठीणपणाची मर्यादा घनाकृती यंत्रापेक्षा कडक धरावी.

यांपैकी कोणताही उपाय केला तरी साफसफाई चुकत नाही. सर्वसाधारणपणे वर्षातून किमान दोनदा, आणि पाणी वाईट असल्यास त्याहून वारंवार. आधी क्षार काढणारे आम्ल, मग स्वच्छ पाण्याने धुणे आणि त्यानंतर निर्जंतुक करणारे द्रावण, हा क्रम पाळावा. क्लोरीनयुक्त द्रावण आम्लात मिसळले तर विषारी वायू निघतो. पत्र्यावर निकेलचा मुलामा असेल तर निकेलला चालणारेच आम्ल वापरावे, कारण मुलामा एकदा सोलला की पुढचा थर तिथेच आधी धरतो आणि मग इव्हॅपोरेटर बदलण्याची वेळ येऊ शकते.