लुसैल स्टेडियम, कतार: सगळ्यात वरच्या स्टँडमधून

२२ नोव्हेंबर २०२२, दुपारी १ची फुटबॉल वर्ल्ड कपमधली अर्जेंटिना-सौदी मॅच. कंपनीतून अर्धा दिवस सुट्टी काढली होती. प्रेक्षकांच्या हय्या कार्डावर मेट्रो फुकट होती, रेड लाइनने थेट लुसैल. बाहेर ऊन, आत मस्त गार वारा. सीट अगदी वरची, तरी मैदानाचा कोपरा न् कोपरा दिसत होता.

माझी नजर मात्र टचलाइनवर, म्हणजे मैदानाच्या कडेच्या रेषेवर. पांढरा शर्ट घातलेले सौदीचे कोच एर्व्हे रेनार! फ्रान्समधल्या कान शहराच्या क्लबातून सुरुवात केलेला, मग वालोरिस, ड्रागिन्यांसारख्या खालच्या डिव्हिजनच्या क्लबांत खेळलेला हा डिफेंडर. पुढे पहाटे उठून इमारतींची साफसफाई करायची, संध्याकाळी ड्रागिन्यांच्या पोरांना कोचिंग. त्याच माणसाने २०१२ला झांबियाला आणि २०१५ला आयव्हरी कोस्टला आफ्रिका कप जिंकून दिला. दोन वेगळ्या देशांना तो जिंकून देणारे ते पहिलेच कोच.

मेस्सीची पेनल्टी, ०-१. पण सौदीने ऑफसाइडचा सापळा (बचावपटूंनी एकदम पुढे सरकून समोरच्यांना नियमबाह्य जागी अडकवायचं) असा लावलेला, की अर्जेंटिनाचे तीन गोल रद्द! ब्रेकनंतर ४८व्या मिनिटाला सौदीच्या शेहरीचा गोल, ५३व्याला दौसारीचा. माझ्या शेजारचे सौदी आजोबा मला मिठी मारून रडले. मीही रडलो.

पाचपैकी पाच स्टार. वरचं तिकीट मिळालं तरी बिनधास्त घ्या.