ह्युडॉक: बाहेर पडायचं की नाही यावर बोलण्याआधी ही साइट उघडा

स्ट्रासबर्गच्या मानवाधिकार कोर्टाचे निकाल ह्युडॉक नावाच्या वेबसाइटवर फुकट वाचता येतात, लॉगिन लागत नाही, जाहिराती नाहीत. हा रिव्ह्यू त्या साइटचा, आणि तिच्या निमित्ताने कोर्टाच्या एकूण सर्व्हिसचा पण, कारण हे कोर्ट ज्या करारावर चालतं त्या युरोपियन मानवाधिकार करारातून ब्रिटनने बाहेर पडावं का ही चर्चा आता जोरात आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये केमी बेडनॉक यांच्या कन्झर्व्हेटिव्ह पक्षाने बाहेर पडू असं जाहीर केलं, रिफॉर्म यूके हा दुसरा पक्ष तर आधीपासूनच तेच म्हणतोय. आणि यावर तावातावाने बोलणाऱ्या बऱ्याच लोकांनी एकही निकाल उघडून बघितलेला नसतो, याचा मला खरंच राग येतो.

आधी एक गोंधळ मिटवू. हे कोर्ट युरोपियन युनियनचं नाही. ते कौन्सिल ऑफ युरोपचं, ती १९४९ ची वेगळी संघटना, आज ४६ देश आहेत त्यात. म्हणून ब्रेक्झिट झालं तरी हा करार जागच्या जागी आहे, आणि तो सगळ्यात आधी मंजूर करणारा देश कोण तर ब्रिटनच, मार्च १९५१ मध्ये.

आता साइट. डावीकडे फिल्टर आहेत, देश निवडा, कलम निवडा, भंग झाला की नाही ते निवडा, आणि महत्त्वाच्या केसेस वेगळ्या काढता येतात हे तर फारच कामाचं. नुसता शब्द टाकून सर्च मारला तर ढीगभर रिझल्ट येतात आणि माणूस वैतागतो, त्यामुळे केसचं नाव किंवा अर्ज क्रमांक टाकलेला बरा. मोबाइलवर वाचायला त्रास होतो, लॅपटॉप घ्या. कोर्टाच्या अधिकृत भाषा इंग्रजी आणि फ्रेंच, काही निकालांची इतर भाषांत भाषांतरं आहेत पण सगळ्यांची नाहीत.

उदाहरण म्हणून ७५२५/७६ हा नंबर टाका. डजन विरुद्ध युनायटेड किंगडम, १९८१. बेलफास्टमधला एक शिपिंग क्लार्क, जानेवारी १९७६ मध्ये पोलीस ड्रग्जचं वॉरंट घेऊन त्याच्या घरी येतात आणि जाताना त्याची पत्रं आणि डायऱ्या पण उचलतात, मग त्याला स्टेशनवर नेऊन साडेचार तासांच्या आसपास त्याच्या खाजगी आयुष्याबद्दल प्रश्न विचारतात. खटला शेवटी भरलाच नाही. कागद वर्षभराने परत मिळाले तेव्हा त्यावर कोणीतरी खुणा करून ठेवल्या होत्या. हे सगळं निकालात परिच्छेद क्रमांकासकट लिहिलंय, कोरड्या भाषेत, आणि कोरडं असल्यामुळेच जास्त लागतं. उत्तर आयर्लंडमध्ये तेव्हा दोन प्रौढ पुरुषांनी राजीखुशीने ठेवलेले संबंध हा गुन्हा होता, कोर्टाने १५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं की हा खाजगी आयुष्याच्या हक्काचा भंग आहे, आणि १९८२ मध्ये तिथला कायदा बदलला. संसदेने तिथला कायदा स्वतःहून बदलला नव्हता हो, म्हणूनच तर तो माणूस स्ट्रासबर्गला गेला.

तसाच मॅलोनचा १९८४ चा निकाल बघा, फोन टॅपिंगचा, त्यानंतर ब्रिटनला १९८५ मध्ये त्यासाठी कायदा करावा लागला. त्याआधी फोन कोणी, कधी, कुठल्या नियमाने ऐकायचा हे सांगणारा स्पष्ट कायदाच नव्हता.

तक्रारी आहेत, आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. कोर्टात अर्ज करायला फी नाही, सुरुवातीला वकील पण लागत नाही, हे छान, पण फॉर्म मूळ सहीसकट पोस्टानेच पाठवायचा, अर्धवट भरला तर नोंदणीच होत नाही आणि मुदत चालूच राहते, आणि ती मुदत २०२२ पासून सहा महिन्यांवरून चार महिन्यांवर आली. बहुतेक अर्ज पहिल्याच पायरीवर बाद होतात, त्यावर अपील नाही. आणि वेळ तर विचारूच नका, वर्षानुवर्षं. गरीब माणसासाठी हे सोपं अजिबात नाही.

बाहेर पडा म्हणणाऱ्यांचा मोठा मुद्दा म्हणजे रवांडाचं विमान, ब्रिटनमध्ये आश्रय मागणाऱ्यांना रवांडाला पाठवायच्या सरकारी योजनेतलं. १४ जून २०२२ च्या रात्री स्ट्रासबर्ग कोर्टाच्या अंतरिम, म्हणजे अंतिम निकालाआधीच्या तात्पुरत्या, आदेशानंतर ते उडालंच नाही. आदेश देणाऱ्या न्यायाधीशाचं नाव पण तेव्हा जाहीर झालं नव्हतं, आणि यावरचा राग मला पटतो, निर्णय कोणी दिला ते लोकांना कळायलाच हवं. पण २०२४ मध्ये कोर्टाने नियम बदलले आणि आता नावं सांगतात. आत राहून ओरडलं की सुधारणा होते ती अशी. शिवाय नोव्हेंबर २०२३ मध्ये रवांडा योजना बेकायदेशीर ठरवली ती ब्रिटनच्याच सुप्रीम कोर्टाने, आणि ती फक्त या कराराच्या आधारावर नाही, निर्वासितांचा करार आणि देशातले कायदेही त्यात होते. म्हणजे करार सोडला की सगळा अडथळा गेला असं होत नाही.

कराराच्या कलम ५८ प्रमाणे सहा महिन्यांची नोटीस देऊन बाहेर पडता येतं, त्याआधी केलेल्या गोष्टींची जबाबदारी मात्र राहते. आजवर स्वतःहून असं करणारा देश ग्रीस, १९६९ मध्ये, लष्करी राजवट असताना, छळाचे आरोप समोर आले तेव्हा. लोकशाही आल्यावर १९७४ मध्ये परत आला. रशियाला युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर २०२२ मध्ये कौन्सिलमधून काढलं. या रांगेत ब्रिटनने जाऊन उभं राहावं असं कुणाला का वाटतं मला कळत नाही. आणि उत्तर आयर्लंडचं काय? तिथला हिंसाचार थांबवणाऱ्या १९९८ च्या बेलफास्ट करारात हा मानवाधिकार करार तिथल्या कायद्यात आणायचं वचन आहे, ते मोडून तिथली शांतता कशी सांभाळणार याचं धड उत्तर मी अजून ऐकलेलं नाही.

कैद्यांच्या मतदानाची हर्स्ट केस (२००५) पण वाचा, कैद्यांवरची सरसकट मतदानबंदी कोर्टाने चुकीची ठरवली, ब्रिटनने त्यावर अनेक वर्षं चालढकल केली आणि शेवटी २०१८ मध्ये छोट्याशा बदलावर प्रकरण मिटलं. कोर्ट सरकारला नाचवतं म्हणणाऱ्यांना मी हीच केस दाखवते, निकालाची अंमलबजावणी सरकारांचे प्रतिनिधीच बघतात, कोर्टाकडे पोलीस नाहीत.

माझ्याकडून ह्युडॉकला पाचपैकी चार, एक कापला तो मोबाइल आणि सर्चसाठी. कोर्टाच्या सर्व्हिसला तीन, वेळेमुळे. नवीन असाल तर थेट निकालात उडी मारू नका, कोर्टाच्या साइटवर देशनिहाय माहितीची पीडीएफ आहे, ब्रिटनची उघडा, त्यात महत्त्वाच्या केसेस दोन-चार ओळींत दिल्यात, हवी ती निवडून मग ह्युडॉकवर पूर्ण वाचा. अंतरिम आदेशांवरचं फॅक्टशीट पण तिथेच मिळेल, रवांडावर वाद घालायचा असेल तर ते आधी.