टॅग लागला; आता सावजाचा ठावठिकाणा विकत घ्यायचा का?

अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या राज्यांत शिकारीची सुरुवात अर्जाने होते. ॲरिझोनाच्या उत्तर टोकाला, ग्रँड कॅन्यनच्या पलीकडे, म्यूल डिअर या मोठ्या कानांच्या हरणासाठी नावाजलेला एक पट्टा आहे. तिथला टॅग, म्हणजे एका जनावराचा परवाना, लागावा म्हणून माणसं वीस-वीस वर्षं अर्ज भरत राहतात आणि सोडतीत नाव निघण्याची शक्यता वाढवणारे बोनस पॉइंट साठवतात. वाळवंटी बिगहॉर्न मेंढा तर तिथे जन्मात एकदाच मारता येतो. इतकी वाट पाहून सोडतीत नाव निघतं तेव्हा मोसमाचे दिवस मोजके असतात आणि ऑफिसची रजा त्याहून मोजकी. नेमका तेव्हाच कुणाचा तरी मेसेज येतो: "तुमच्या युनिटमध्ये (टॅग ज्या शिकार-विभागाचा आहे त्यात) एक दांडगा नर हेरून ठेवलाय. फोटो बघा. जागा हवी असेल तर बोला."

फिनिक्स, डेन्व्हर, सॉल्ट लेक सिटीकडे स्थायिक झालेल्या मराठी मंडळींत शिकारीला जाणारे थोडे आहेत, पण आहेत. हा आढावा त्यांच्यासाठी आहे. ज्यांच्याकडे अशी माहिती आहे आणि ती विकून दोन पैसे सुटतील का असा विचार जे करताहेत, त्यांनीही वाचावा. शिकार करावी की नाही हा वाद मी इथे काढत नाही. तुम्ही तो तुमच्यापुरता मिटवला आहे असं धरतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हा प्रश्नच उरला नाही. अमेरिकेत शिकार कायदेशीर आहे, म्हणून पुढचे बारीक प्रश्न उभे राहतात.

बाजारात साधारण तीन प्रकारचा माल आहे. पहिला, थेट पिन: जीपीएसचे आकडे, सोबत त्या विशिष्ट नराचे फोटो किंवा व्हिडिओ. दुसरा, परवानाधारक आउटफिटर किंवा गाइड, जो तुमच्याबरोबर डोंगरात येतो. तिसरा, नुसत्या भूभागाची माहिती: नकाशे, सोडतीची आकडेवारी, कुठल्या युनिटात कुठल्या महिन्यात काय अपेक्षा ठेवावी याचा सल्ला. पैसे तिन्हींत मोजावे लागतात. त्यामुळे "माहितीसाठी पैसे घेणं वाईट" एवढ्यावर हा विषय सुटत नाही.

जनावर कुणाचं?

तुलनेआधी एवढं पाहून घेऊ. अमेरिकेत रानातलं एल्क, म्हणजे तिथलं सांबरासारखं मोठं हरीण, कुणाच्या खासगी कुरणात चरत असलं तरी त्या कुरणवाल्याचं नसतं. राज्य ते जनतेच्या वतीने सांभाळतं. एकोणिसाव्या शतकात बाजारासाठी मारून मारून जनावरं संपत आली, तेव्हा हा विचार रुजला. १९०० च्या लेसी कायद्याने बेकायदा मारलेल्या जनावरांच्या राज्याराज्यांतल्या व्यापारावर बडगा उगारला. आजही टॅगवर मारलेल्या एल्कचं मांस तुम्ही घरी खाऊ शकता, मित्रांना देऊ शकता, पण विकू शकत नाही. याच लेसी कायद्यात पुढे एक कलम आलं: बेकायदा शिकारीसाठी पैसे घेऊन गाइडची किंवा आउटफिटरची सेवा दिली, तर ती वन्यजीवाची विक्रीच मानली जाईल. म्हणजे जनावराला हात न लावताही ते विकता येतं, हे कायद्याने फार पूर्वीच ओळखलं आहे.

कायदेशीर शिकारीत पिन विकणारा या कलमात अडकत नाही. पण तो नेमकं काय विकतो, हे ओळखायला तेच कलम कामी येतं.

पिन

आधी विकणाऱ्याची बाजू, कारण ती कच्ची नाही. उन्हाळाभर त्याने पेट्रोल जाळलं, पहाटे चारला उठून दुर्बिणीतून डोंगरउतार चाळले. तुम्हाला नोकरीतून वेळ नाही, त्याच्याकडे वेळ आहे. वकिलाला सल्ल्याचे पैसे देता, मग याला का नाही? शिवाय साठीतल्या, गुडघे दुखणाऱ्या माणसाला वीस वर्षांनी लागलेला टॅग वाया घालवायला सांगणारे आपण कोण?

माझं उत्तर वेळेशी जोडलेलं आहे. माहिती जितकी ताजी, तितकी ती जमिनीची कमी आणि त्या एका जनावराची जास्त असते. "या खोऱ्यात सप्टेंबरात नर माद्यांच्या मागे येतात" ही जमिनीची ओळख झाली. "काल संध्याकाळी सहाला हा नर या झऱ्यावर होता, उद्याही येईल" ही त्या नराची विक्री झाली. बाकी आहे ते फक्त घोडा ओढणं. मधल्या काळात ज्या गोष्टीला शिकार म्हणतात, ती शोधाशोध, चुकणं, हात हलवत परतणं, ते सगळं पैशांत मिटवलं गेलं.

हे माझंच तर्कट आहे असं नाही. अलास्कात विमानातून जनावर पाहिलं, तर दुसऱ्या दिवशी पहाटे तीनपर्यंत बहुतेक मोठ्या जनावरांवर गोळी झाडता येत नाही. तिथेही पाहणं आणि मारणं यांच्यात मुद्दाम वेळ घातला आहे. ॲरिझोनाने २०१८ मध्ये आधी फोटो थेट फोनवर पाठवणारे कॅमेरे शिकारीसाठी बंद केले. मग जून २०२१ मध्ये तिथल्या गेम अँड फिश कमिशनने एकमताने शिकारीसाठी सर्वच ट्रेल कॅमेऱ्यांवर, म्हणजे रानात बांधून ठेवलेल्या, आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांवर बंदी घातली, जी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. कारणं ऐकण्यासारखी होती. कोरडा मुलूख, पाणवठे मोजके आणि बहुतेक सगळे नकाशावर. एकेका पाणवठ्यावर कॅमेऱ्यांची रांग लागायची, ते तपासायला माणसांची सतत ये-जा, त्याने जनावरं आणि गुरं बुजायची, शिकाऱ्यांची आपसांत भांडणं व्हायची. नेवाडाने सरकारी जमिनीवर १ ऑगस्ट ते ३१ डिसेंबर या काळात कॅमेरे लावायला मनाई केली आहे.

यूटा आणखी पुढे गेलं. जानेवारी २०२२ मध्ये तिथल्या वन्यजीव मंडळाने मोसमातल्या कॅमेऱ्यांवर बंधन घातलंच, शिवाय शिकारीसाठी ट्रेल कॅमेऱ्याचे फोटो आणि माहिती विकायलाही बंदी केली आणि विकत घ्यायलाही. हा 'विकत घ्यायलाही' नीट लक्षात ठेवा. आपण नुसते गिऱ्हाईक, आपला काय दोष, असं म्हणायची तिथे सोय नाही. ॲरिझोनातही कॅमेऱ्यातला फोटो किंवा त्यातून कळलेली जागा सावज शोधायला वापरणं नियमात बसत नाही. तेव्हा कुणी फोटो पाठवला तर पहिला प्रश्न हाच: हा दुर्बिणीला फोन लावून काढलाय की झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यातून आलाय? पुढची घासाघीस त्यानंतर.

आता व्यवहार म्हणून पाहू. तीच पिन आणखी चौघांना विकली नाही, हे तुम्हाला कोण सांगणार? पहिल्या पहाटे त्या खिंडीत चार गाड्या उभ्या दिसल्या तर पैसे परत मागायला जायचं कुणाकडे? पिन मिळते, वाट मिळत नाही. पश्चिमेत सरकारी जमिनीचे कितीतरी तुकडे खासगी कुरणांनी वेढलेले आहेत आणि तिथे पोचताना तुमच्यावर घुसखोरीचा खटला होऊ शकतो. विकणारा तोवर पैसे घेऊन मोकळा झालेला असतो. आणि त्याच खोऱ्यात कित्येक वर्षं चालत जाऊन शिकार करणारा, कधी कुणाला काही न विकलेला जो स्थानिक माणूस आहे, त्याची जागा एका मोसमात गर्दीची होते. त्याला यात कुणी विचारलेलं नसतं.

गाइड

चांगला गाइड महाग पडतो. एल्कच्या पूर्ण गाइडेड शिकारीला सहा-सात हजार डॉलर सहज जातात आणि वरची मर्यादा नाही. पण तो तिथे हजर असतो, हा फरक मोठा आहे. नर कोवळा आहे, सोडून द्या, असं तो म्हणू शकतो. अंतर जास्त आहे, मारू नका, असंही म्हणतो. जनावर जखमी होऊन पळालं तर रात्री बॅटरी घेऊन रक्ताचा माग काढायला तोच असतो, आणि मांसाचे भारे पाठीवर वाहायलाही. राष्ट्रीय वनात किंवा बीएलएम या केंद्रीय जमीन खात्याच्या जमिनीवर धंदा करायला त्याला परवानगी काढून शुल्क भरावं लागतं. बऱ्याच राज्यांत परवाना किंवा नोंदणी असते आणि चुकलं तर ती रद्द होते. काही ठिकाणी गाइड ऐच्छिकही नाही: अलास्कात बाहेरच्या राज्यातल्या माणसाला तपकिरी अस्वल, डॉल मेंढा किंवा पहाडी बकरा मारायचा तर परवानाधारक गाइड किंवा तिथे राहणारा जवळचा नातेवाईक सोबत लागतो. वायोमिंगमध्ये संरक्षित 'विल्डरनेस' भागात मोठी शिकार करणाऱ्या परराज्यातल्या माणसालाही गाइड किंवा स्थानिक सोबती घ्यावा लागतो.

तरी गाइड घेतला म्हणजे हात स्वच्छ, असं समजू नका. मोठमोठे आउटफिटर पगारी टेहळे ठेवतात आणि विक्रमी शिंगांचा नर दाखवणाऱ्याला इनाम देतात. 'फाइंडर्स फी' म्हणतात तिला. यूटात २००८ मध्ये मारलेला तो प्रसिद्ध 'स्पायडर बुल' आठवतो का? शिंगांचा गुणांक ४७८ ५/८, एल्कच्या नोंदींत विक्रम. त्या शिकारीमागे टेहळ्यांची फौज होती, म्हणून तेव्हा शिकारी मंडळींतच कडाक्याची वादावादी झाली होती. नियम मोडला होता असं नाही. पण दहा माणसं एका नरावर दिवसरात्र नजर ठेवून असतील आणि शिकारी मारायच्या दिवशी गाडीतून उतरत असेल, तर मला त्यात पिनचाच धंदा दिसतो, फक्त परवाना लावलेला. गाइड ठरवताना किंमत आणि यशाचा टक्का सगळे विचारतात. तुम्ही आणखी दोन गोष्टी विचारा: तुम्ही टेहळे ठेवता का, आणि बाहेरच्यांना ठावठिकाण्याचे पैसे देता का.

पैसा आला की बिघडतंच, असंही मी म्हणत नाही. मोंटानाच्या बिगहॉर्न मेंढ्याचा एक टॅग २०१३ मध्ये लिलावात ४,८०,००० डॉलरला गेला आणि असे पैसे मेंढ्यांच्या संवर्धनाकडे वळतात. बंदुका-काडतुसांवरचा ११ टक्के केंद्रीय करही १९३७ पासून राज्यांच्या वन्यजीव विभागांकडे जातो. पिनच्या पैशातून मात्र जनावराच्या वाट्याला दमडी येत नाही.

भूभागाची माहिती

ही बाजू थोडक्यात आटोपते, कारण इथे खटकण्यासारखं फारसं नाही. जमिनीच्या मालकीचे नकाशे दाखवणारी ॲप, सोडतीची शक्यता सांगणाऱ्या वर्गण्या, अनुभवी शिकाऱ्याचा तासाचा सल्ला: हे सगळं हजारोंना सारखंच मिळतं आणि कुठल्या एका नराकडे बोट दाखवत नाही. वणव्यानंतर काही वर्षं कोवळा चारा फुटतो, तिथे एल्क येतात. उन्हात ते उत्तरेकडच्या दाट सावलीच्या उतारावर बसतात. बर्फ पडलं की खाली सरकतात. एवढं कळलं तरी जागा तुमची तुम्हालाच शोधावी लागते.

आणि यातलं बरंच फुकट आहे. जिल्ह्याच्या वन्यजीव जीवशास्त्रज्ञाला फोन केलात तर तो पिन देणार नाही, पण कुठल्या बाजूला पाऊस बरा झालाय, कळप कुठे आहेत, कुठे गर्दी असते, हे मोकळेपणाने सांगतो. आपल्या लोकांना सरकारी कचेरीत फोन करायचा संकोच असतो. इथे तो सोडावा.

बंदूक नसली तरी

महाराष्ट्रात शिकार नाही, पण ताज्या खबरीचा बाजार आपल्यालाही ठाऊक आहे. वाघ कुठे दिसला ही बातमी जिप्सीवाल्यांत पसरली की काय होतं, ते ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडल्यात दिसलं. एफ-२ वाघीण आणि तिची पिल्लं दोन्ही बाजूंनी गाड्यांत अडकली, आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. २०१३ मध्ये पन्नातल्या एका वाघाच्या जीपीएस कॉलरची माहिती जिथे येते त्या ईमेलमध्ये कुणीतरी शिरायचा प्रयत्न केला होता. जनावर या क्षणी कुठे आहे याला किंमत आली की ती माहिती कुणाच्या हाती पडेल, ते विकणाऱ्याच्या ताब्यात राहत नाही.

मग काय करायचं

पहिलाच टॅग असेल, अंगात बळ असेल, तर पिन घेऊ नका. नकाशा, जीवशास्त्रज्ञाला एक फोन आणि मोसमाआधीचे दोन शनिवार-रविवार, यावर पैसे आणि वेळ घाला. रिकाम्या हाताने परतायची तयारी ठेवा. सरकारी जमिनीवर एल्कला गेलेले बहुतेक लोक तसेच परततात.

वय किंवा तब्येत साथ देत नसेल, किंवा टॅग जन्मात एकदाचा असेल, तर गाइड घ्या. अपंग शिकाऱ्यांसाठी बऱ्याच राज्यांत वेगळ्या सवलती आहेत, त्या आधी पाहा. याच लोकांसाठी पिनचं समर्थन केलं जातं, पण ज्याला चालवत नाही त्याला आकड्यांपेक्षा सोबतीला माणूस लागतो.

शिंगांची नोंद बून अँड क्रॉकेट क्लबकडे करायची हौस असेल, तर १८८७ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांनी स्थापलेल्या या क्लबची 'फेअर चेस'ची अट आधी वाचा. शिकाऱ्याला जनावरावर अवाजवी वरचष्मा मिळता कामा नये, असं ती सांगते आणि तसं प्रतिज्ञापत्रावर सही करून द्यावं लागतं. विकत घेतलेल्या ताज्या पिनवर मारलेल्या नरासाठी ती सही करताना हात अडखळेल का, ते तुम्हीच ठरवा.

आणि विकायचा विचार करणाऱ्यांना: काही राज्यांत पैसे घेऊन शिकारीसाठी टेहळणी करणं आउटफिटरच्या व्याख्येत येऊ शकतं, म्हणजे परवान्याविना केलंत तर गुन्हा. तुम्ही एच-वन-बी व्हिसावर असाल तर हा जोडधंदा कामाच्या परवानगीबाहेरचा ठरू शकतो. चारशे डॉलरसाठी ग्रीन कार्डाची रांग धोक्यात घालण्याआधी वकिलाला विचारा. ज्ञान विकायचंच असेल तर मोसम संपल्यावर शिकवा: दुर्बिणीतून डोंगर कसा चाळायचा, माग किती जुना ते कसं ओळखायचं. नवख्यांना ते खरंच हवं असतं. आणि एखादा नर तुम्हाला गेली तीन वर्षं दिसत असेल, तर त्याची जागा ज्याच्याबरोबर चालत जायची तुमची तयारी आहे, त्यालाच सांगा. पैसे न घेता.