प्रोजेक्टला व्हिएतनाम घ्यावं की युक्रेन?

भाची मुंबई विद्यापीठात, कलिनाला, एमए इकॉनॉमिक्स करतेय, सरकारी अर्थव्यवस्था सोडून बाजाराकडे वळलेल्या देशांत कायदे आणि संस्था धड असल्या की शेतीचं उत्पादन वाढतं का, हा विषय घेतलाय आणि देश ठरवताना अडलीय.

जमिनीचा हक्क हाच मुख्य मुद्दा. व्हिएतनामने १९८८ मध्ये शेती कुटुंबांच्या हाती दिली आणि पुढच्याच वर्षी तांदळाची मोठी निर्यात सुरू झाली, मग १९९३ च्या कायद्याने जमीन वापरायचा हक्क गहाणसुद्धा ठेवता येऊ लागला, मालकी मात्र अजून सरकारकडेच. युक्रेनमध्ये उलटं, सामूहिक शेतांचे वाटे लोकांच्या नावावर झाले पण २००१ ते २०२१ विक्रीला बंदी, म्हणजे सातबारा हातात असून बँक दारात उभं करणार नाही, मग बऱ्याच जणांनी जमीन कंपन्यांना भाड्याने देऊन टाकली. एवढी काळी कसदार माती असून, खरंच वाईट वाटतं.

आकड्यांचं म्हणाल तर व्हिएतनाममध्ये भाव आणि व्यापारही त्याच सुमारास मोकळे झाले, कशाचा किती परिणाम ते वेगळं काढणं कठीण. युक्रेनमध्ये बंदी उठल्याची तारीख स्पष्ट आहे, पण लगेच २०२२ चं युद्ध, म्हणजे बंदी उठल्याचा परिणाम वेगळा काढणं तिथेही कठीण.

एका सेमिस्टरमध्ये संपवायचं असेल तर व्हिएतनाम घे बाळा, पुढे पीएचडी करायची असेल तर युक्रेन.